उंबरा नसलेलं गाव

एखाद्या गावाला जायचं आणि पोचल्यावर पहिलं काम काय, तर ते गाव सोडायचं, असा प्रवास मी आयुष्यात पहिल्यांदाच केला. मालवणच्या किनाऱ्याजवळच्या काही गावांत गावपळण नावाची रीत आहे. काही वर्षांनी एकदा, थंडीच्या दिवसांत, देवाचा हुकूम घेऊन अख्खं गाव तीन रात्रींसाठी शिवेबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, सगळे. मागे दिवा लागत नाही की चूल पेटत नाही. तेवढे दिवस गाव देवाचं आणि भुताखेतांचं, अशी समजूत. मग देवाला विचारायचं, येऊ का परत? त्यानं कौल दिला तर यायचं.

हे मला सांगितलं शुभांगीनं. सांगलीच्या आमच्या शाळेत ती मराठी शिकवायची आणि मी विज्ञान. आता दोघी निवृत्त. तिचं माहेर अशा एका गावातलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते एका घरातलं आहे. "विजे, चल माझ्याबरोबर," ती म्हणाली, "फक्त तुझं अंधश्रद्धेवरचं भाषण पिशवीत ठेव." मी ठेवलं, पण अगदी वरच ठेवलं, पटकन हाताला येईल असं.

ओरोस

घाट उतरून आम्ही आधी ओरोसला थांबलो. शुभांगीचा भाचा नीलेश तिथे सरकारी कचेरीत आहे आणि त्याची बायको लविना शाळेत शिकवते. कर्मचाऱ्यांच्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर, खिडकीत तुळस आणि भिंतीवर येशूची तसबीर. लविना शेजारच्याच गावातल्या ख्रिश्चन वाडीतली. एकाच एसटीनं कॉलेजला जाता जाता दोघांचं जमलं आणि त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. त्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत नीलेशच्या आईनं सुनेला घरात घेतलेलं नाही, हे मला त्या घरात चहा पिताना कळलं.

नुसतं घेतलं नाही एवढंच असतं तर मी समजू शकले असते. आमच्याकडे सांगलीतही असे दरवाजे बंद होतात आणि नातू झाला की उघडतात. इथे प्रकार वेगळा होता. लग्नाची बातमी आली तेव्हा आईनं रागाच्या भरात नवऱ्याला तुळशीपुढे उभं केलं आणि देवाला सांगायला लावलं, की या मुलीचा पाय आमच्या उंबऱ्याला लागणार नाही. राग काही महिन्यांत उतरला. पण देवाला सांगितलेलं तसंच राहिलं.

"आत्ये, मी येवन काय करू?" लविना शुभांगीला म्हणाली. "गावपळण म्हणजे घरातसून भायर पडूचा. ज्या घरात माका घेतलाच नाय, तेच्यातसून मी भायर कशी पडान?"

ती हसत म्हणाली, पण कपबश्या उचलून आत गेली ती बराच वेळ आली नाही. नीलेश माझ्याकडे बघून ओशाळला. मग मला एका पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, "बघा मावशी. आई बसच्या कंडक्टरकडे देऊन पाठवते. नाव माझं असतं." पिशवीत कुळथाची पिठी होती, कोकमाची सोलं होती आणि अबोलीचा गजरा होता, केळीच्या पानात गुंडाळून ओला ठेवलेला. नीलेशला टक्कल पडायला लागलंय.

शेवटी शुभांगीनं आपला मास्तरणीचा आवाज काढला. "उंबरो घराक असता, माळाक नसता. कपडे भर." लविनानं भरले.

शिवेबाहेर

गाव सोडतानाचा गोंधळ काय वर्णावा! रस्ताभर बैलगाड्या, टेम्पो, रिक्षा आणि मोटारसायकली, आणि प्रत्येकावर काही ना काही ओरडतंय. कोंबड्या टोपलीखाली, मांजर पिशवीत, एका आजोबांना खुर्चीसकट उचललेलं. मुंबईहून चाकरमानी रजा टाकून आलेले. दर्ग्याजवळच्या वाडीतली मुसलमान कुटुंबंही बकऱ्या हाकत निघालेली आणि गावातली ख्रिश्चन कुटुंबंही. देव कुणाचा हे कुणी विचारत नव्हतं. गाव सगळ्यांचं म्हणून सगळे बाहेर. हे मला फार आवडलं आणि तसं मी शुभांगीला म्हटलं. ती म्हणाली, "थांब, माळावर कोण कुणाच्या शेजारी झोपडी बांधतंय ते बघ, मग बोल."

बघितलं. झोपड्यासुद्धा वाड्यांच्याच क्रमानं लागल्या होत्या. ज्यांची घरं गावाच्या टोकाला, त्यांच्या झोपड्याही टोकाला. माणूस घर सोडतो, पण घराची जागा बरोबर घेऊन येतो. फक्त भिंती चुडतांच्या, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या असल्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येतं आणि वासही येतात. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी कालवणाच्या वाट्या इकडून तिकडे जाऊ लागल्या, आणि कुठली वाटी कुठल्या वाडीची हे धुवायला बसलेल्यांनाही सांगता येईना.

शुभांगीचा भाऊ बाबलदादा आणि वहिनी नंदा यांनी झोपडी आधीच उभी केली होती. वहिनीला सगळे नंदावयनी म्हणतात. मी मनात एक खाष्ट सासू तयार ठेवली होती, तर समोर एक लहानखुरी बाई, डोळे रडून सुजल्यासारखे, खरं तर चुलीच्या धुरानं. तिनं नीलेशला जवळ घेतलं आणि त्याच्या खांद्यावरून लविनाकडे बघितलं. झोपडीला दार नव्हतं, चौकट नव्हती, नुसतं भगदाड. लविना त्याच्या बाहेर थांबली.

"उनात कित्याक उबी?" नंदावयनी तिच्याकडे न बघता चुलीला म्हणाली. "खोपीक उंबरो नाय."

लविना आत आली. ती तिला उद्देशून बोललेली पहिली वाक्यं होती, असं नीलेशनं मला नंतर सांगितलं.

पेडवे

माझा चष्मा गावात राहिला होता. माळावर यायच्या आधी शुभांगीबरोबर तिच्या माहेरच्या रिकाम्या घरात डोकावले होते, तेव्हा खिडकीत काढून ठेवला आणि निघण्याच्या धांदलीत विसरले. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम, जाऊन आणते. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी समुद्रात चालत जाते म्हणाले. भाषण अगदी ओठांवर आलं. बाबलदादा नम्रपणे म्हणाले, "विजयाबाय, तुमका काय व्हावचा नाय, ता म्हायत आसा. पण आमी तीन दिस घाबरान ऱ्हवतलंव, त्याचा काय?" भाषण परत पिशवीत गेलं. राहिले चष्म्यावाचून.

दूरचं छान दिसतं मला, जवळचं नाही. त्यामुळे दुपारी ताटात पेडव्यांचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, आलं तेव्हा पंचाईत झाली. पेडवा म्हणजे बोटभर मासा आणि त्यात सुईसारखे काटे. आम्ही घाटावरची माणसं तशीही मासे घाबरत खातो. पहिल्याच घासाला मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"काय गो, काटो दिसना नाय?" म्हणत नंदावयनी माझ्या उजवीकडे बसली आणि माझ्या ताटातला मासा सोलू लागली. डाव्या बाजूला लविना होती. तिनंही एक ओढून घेतला. दोघींची बोटं भराभर चालू होती. मणका एका झटक्यात बाहेर, मग कडेचे बारीक काटे, मग साफ केलेला मऊ तुकडा माझ्या भातावर. मी पन्नाशी कधीच ओलांडलेली बाई दोघींच्या मधे लहान मूल होऊन जेवत होते.

मग नंदावयनीनं लविनाच्या बाजूचा एक तुकडा बोटानं चाचपला आणि म्हणाली, "तुज्या आयेन शिकवल्यान काय?"

"व्हय."

"बरा शिकवल्यान."

एवढंच. पण त्या दिवसानंतर प्रत्येक जेवणाला दोघी माझ्या दोन बाजूंना येऊन बसू लागल्या. दुसऱ्या दिवशी तर बिनकाट्याची सुरमई होती, तरी बसल्या.

माळावरच्या दिवसांत आणखी एक गोष्ट बघितली. चुली उघड्यावर असल्यामुळे पुरुष स्वयंपाकाला लागतात. घरी पाण्याचा तांब्या हातात मागणारे बाबलदादा इथे लुंगी खोचून मटण करत होते आणि चवीवरून शेजाऱ्याशी भांडत होते. मी विचारलं, हे घरी का नाही करत? ते मनापासून चकित झाले. "घरात? घरातली चूल हिची." म्हणजे चूल चार भिंतींत गेली की बाईची, आणि आकाशाखाली आली की कुणाचीही. आमच्याकडच्या आचाऱ्यांचंही असंच असतं, लग्नात हजार माणसांचं करतील आणि घरी बायकोनं वाढेपर्यंत ताटावर बसून राहतील. मी हे तिथल्या बायकांना म्हटलं तर त्या इतक्या हसल्या की एकीला उचकी लागली.

मोकळा वेळ मिळाल्यावर या बायका काय करतात? फुगड्या घालतात. ऊन उतरलं की माळावर रिंगण धरलं जाई. नंदावयनी म्हणे लग्नाआधी पंचक्रोशीत फुगडीसाठी नावाजलेली. तिच्या वयाच्या बाकीच्या दमून बसल्या आणि ती एकटी रिंगणात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोण येतला?" तरुण पोरी लाजून मागे सरकल्या. लविना उठली. पदर खोचला, हातांची अढी घातली आणि उभी राहिली.

फुगडीत दोघींचा तोल एकमेकींच्या हातात असतो. एकीनं सोडलं तर दोघी पडतात. त्या दोघी गरागरा फिरल्या, तोंडानं फू फू करत, केस सुटेपर्यंत. थांबल्या तेव्हा नंदावयनीला घेरी आली होती आणि तिनं डोकं लविनाच्या खांद्यावर टेकलं होतं. मला रडू आलं हे मी सरळच सांगते.

संध्याकाळी नंदावयनीबरोबर ओढ्यावर भांडी घासत होते, तेव्हा मी भाषण बाहेर काढलंच. म्हटलं, वयनी, तुम्हाला मुलगी आवडली आहे. मग दगडाला सांगितलेल्या एका वाक्यासाठी तिला दारात उभं करता? देव असलाच तर तो असल्या गोष्टी लक्षात ठेवत असेल का?

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचा खरा आसात. पण मी शब्द मोडलंय आणि तेंका काय झाला तर? पोराक, तिका? माज्या रागाची झळ तिका कित्याक?"

ती लविनाला रागापोटी बाहेर ठेवत नव्हती. ती तिला जपण्यासाठी बाहेर ठेवत होती. विज्ञानाच्या तासाला असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी विचारलं, मग दादांना परत देवाला सांगायला सांगा ना. ती म्हणाली, "दोन वर्सा सांगतंय. ते म्हणतत, देवाफुडे दोन तोंडांनी बोलूचंय नाय." आणि बाईला स्वतः सांगायची रीत नाही. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मांडलेलं मागणं, पुरुषानंच घालायचं असतं. वाक्य तिचं, पण तोंड नवऱ्याचं, आणि ते तोंड आता मिटलेलं होतं.

कौल

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी गावातल्या देवळात कौल घ्यायला निघाले. निघण्याआधी शिवेवर एका वयस्क मानकऱ्यानं गाऱ्हाणं घातलं. हात जोडून, खड्या आवाजात, देवाशी घरातल्या थोरल्या माणसाशी बोलावं तसं: बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा, भायर पडली, आता घराक येवक मागतत. प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे पुरुष एका सुरात म्हणत, "व्हय म्हाराजा!" ते प्रत्युत्तर नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही, असं शुभांगीनं कानात सांगितलं. बायका मागे उभ्या होत्या, गप्प.

देवाच्या अंगावर कळ्या लावतात. उजव्या अंगाची पडली की होकार. लोकांनी बोचकी बांधली होती, काहींनी झोपड्या मोडायला घेतल्या होत्या. सगळ्यांना घरची ओढ लागली होती, मलाही. पाठ मोडून आली होती आणि चष्म्याशिवाय तीन दिवस पेपर नाही. मानकरी परत आले ते मान हलवत. "देवान कौल देवक नाय. आजची रात हयच."

माळभर कण्हल्यासारखा आवाज झाला. चाकरमान्यांनी फोन काढून साहेबांना कळवायला सुरुवात केली. आणि त्या सगळ्या कुरकुरीत मी नंदावयनीकडे बघितलं. ती खाली बघून, पदर तोंडाला लावून हसत होती. मग उठली आणि बांधलेलं बोचकं सोडून त्यातला कंगवा बाहेर काढला. लविनाला म्हणाली, "हय बस, केस बघ कशे झालेत." त्या दुपारी तिनं लविनाच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, मोडली, पुन्हा घातली.

बाकीच्या बायकांनी मात्र त्या जादाच्या दिवसात युक्त्यांचा बाजार मांडला. एक म्हणाली, सुताराकडून उंबराच काढून टाका. दुसरी म्हणाली, पाय लागू नये एवढंच ना, नीलेश उचलून नेईल. यावर नीलेशच्या तब्येतीवर बरीच चर्चा झाली. तिसरी म्हणाली, मागल्या दारानं घ्या, देवाचं तोंड पुढल्या दाराकडे असतं.

"देवाक फसवूचा?" नंदावयनीनं विचारलं.

आणि लविना वेणी हातात धरून शांतपणे म्हणाली, "मी चोरासारकी मागल्या दारान येवचंय नाय. फाटकातसून परत गेलंय तरी चलात." बायका वरमल्या. तिच्या जागी मी असते तर एवढ्या हळू आवाजात बोलले नसते.

खळं

दुसऱ्या दिवशी कौल मिळाला. गाव परत भरू लागलं. अंगणांत पाचोळा, विहिरीच्या पाण्यावर वाळकी पानं, आणि एवढी शांतता की आमच्या पावलांचा आवाज आम्हालाच मोठा वाटत होता. माझा चष्मा खिडकीतच होता, त्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

बाबलदादांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, नंदावयनीनं केरसुणी फिरवली, शेण-पाण्याचा सडा घातला, तुळशीपुढे दिवा लावला. शेजारचे दोघेतिघे आले. परतल्यावर घरोघर एकमेकांच्या गाऱ्हाण्याला उभं राहतात. नीलेश आणि लविना फाटकाबाहेर पिशव्या घेऊन थांबले होते. त्यांना ओरोसची बस धरायची होती. लविना बाहेरूनच हात जोडून उभी होती.

बाबलदादांनी घरचं गाऱ्हाणं घातलं, परत आलो, सांभाळ कर, गुरावासरांना राख. "व्हय म्हाराजा." झालं. शेजारी वळले.

"थांबात," नंदावयनी म्हणाली. "माजा ऱ्हवलासा."

ती नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. एक शेजारी हळूच म्हणाला, "वयनीनू, बायलमाणसान गाराणा घालूचा नसता." ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. "तेव्हा सांगलंय ता पण माजाच हुता. ह्येंनी नुसता त्वांड दिल्यानी."

तिनं पदर सावरला, हात जोडले. आवाज आधी फुटेना, मग फुटला तो फाटका. "बा देवा म्हाराजा. रागान मी तुका सांगलंय, ह्या चेडवाचो पाय माज्या उंबऱ्याक लागूचो नाय. तू आयकलंस. आता तो शब्द माका परत दी. चूक माजी. तुका काय रागावचा आसात तर माज्यार रागाव. तेंच्यार नको. ह्या घरात ता चेडू माज्या आदी जावंदे."

ती थांबली. प्रत्युत्तराची वाट बघत थांबली.

कोणी काही बोलेना. शेजारी जमिनीकडे बघत होते. बाबलदादांचा जबडा आवळलेला, डोळे तुळशीवर. शुभांगीनं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, संपलं. असं वाक्य अर्धवट लटकत राहणार, आणि ही बाई आणखी वीस वर्षं कंडक्टरकडे गजरे देत राहणार.

"व्हय म्हाराजा."

फाटकाबाहेरून आवाज आला. स्वच्छ, न चाचरता. चर्चमध्ये लहानपणापासून प्रार्थनेला साथ देत आलेल्या मुलीचा आवाज. लविनानं पुन्हा म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग नीलेशनं. मग शुभांगीनं, आणि मीही म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, कारण ते त्या क्षणी मला पटलेलं होतं. सगळ्यात शेवटी बाबलदादा बोलले. एवढ्या हळू, की देवाशिवाय कुणाला ऐकू जाऊ नये. पण बोलले. बोलताना त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

लविना फाटकातून आत आली, खळं ओलांडून दारापर्यंत आली आणि थबकली. उंबरा लाकडी, मधे झिजलेला, एका अंगाला हळदीचा डाग. ती त्याच्याकडे बघत राहिली. नंदावयनी तिच्या मागे उभी होती, कारण तिनं देवाला सांगितलं होतं, आधी ती.

मग मागून, रोजच्या घरगुती, थोड्या वैतागल्या आवाजात ती म्हणाली, "चेडवा, चपला खळ्यात काढू नको गो, कुत्रो उचलून व्हरता. भितूर घेवन जा."